सुरुवात बिघडली म्हणून शर्यत संपत नाही

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात सिल्व्हरटन गावाभोवतीच्या डोंगरांतून ‘हार्डरॉक’ नावाची शंभर मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची शर्यत होते. वाट चौदा हजार फुटांवर चढते. मुदत ४८ तासांची.

जुलै २०१७ मध्ये स्पेनचा किलियन जोर्नेट तेराव्या मैलाच्या सुमारास बर्फावर घसरला. डावा खांदा निखळला. त्याने तो स्वतःच बसवला, हात बांधून घेतला आणि साडेचोवीस तासांत पहिला आला!

वाचकहो, खांदा बसवणे हे डॉक्टरांचे काम. ते धाडस कोणी करू नये. घ्यायचे ते वेगळेच. लांब पल्ल्यात सुरुवातीलाच कुणाचे पोट बिघडते, कुणाचा पाय मुरगळतो, तासभर वाया जातो. तो लगेच भरून काढायला जो जीव तोडून धावतो, तो बहुधा पुढे बसतो. जाणता धावपटू वेग कमी करतो, घोट घोट पाणी पितो, थोडे खातो आणि पुढच्या चौकीपुरताच विचार करतो.

४८ तासांत एक तास तो कितीसा? पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या पोराचा निकाल घरोघरी त्याच दिवशी लावला जातो. आम्ही म्हणतो, त्याला निदान पुढच्या चौकीपर्यंत तरी जाऊ द्या!