रानात पडलेले मरण

विषाची परीक्षा घेऊ नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विष बाटलीत असते, बाटलीवर कवटीचे चित्र असते, तेव्हा हे पथ्य सहज पाळता येते. पण तेच विष गंजलेल्या लोखंडाच्या रूपाने ओढ्याकाठी पडलेले असेल आणि त्या लोखंडाला भंगारवाला रोख पैसे मोजत असेल, तर?

अहिल्यानगरजवळ (तेव्हाच्या अहमदनगरजवळ) खारे कर्जुने परिसरात लष्कराचे 'के. के. रेंज' हे सरावक्षेत्र आहे. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण चालते. सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. मात्र डागलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. लष्कर असे गोळे शोधून नष्ट करते. तरी एखादा चिखलात रुतून बसतो आणि पावसाने माती वाहून गेली की वर डोकावतो. तांब्या-पितळेच्या आशेने आसपासची माणसे तो उचलतात, घणाने फोडू पाहतात. त्यात माणसे मेली आहेत, हातपाय गमावून बसली आहेत.

'पडून पडून निकामी झाला असेल' हा समज घातक आहे. तोफेतून सुटताना बसणारा हिसका आणि गोळ्याचे गरगर फिरणे, यांमुळे त्याच्या फ्यूजमधली सुरक्षिततेची कळ निघते. पुढे तो मऊ जमिनीत तिरका घुसला आणि फुटला नाही, तर कळ निघालेल्या अवस्थेतच पडून राहतो. ज्या तांब्याच्या कड्यासाठी माणूस जीव धोक्यात घालतो, त्याच कड्यावर उमटलेल्या खाचा सांगत असतात की हा गोळा तोफेतून सुटून आलेला आहे! जाणकारांनाही हा खेळ परवडत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामातच स्फोट झाला आणि सहा जण दगावले. तिथे आपल्या छिन्नी-हातोड्याचा काय पाड?

तेव्हा अशी वस्तू दिसली तर करायचे काय? हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाण्यात टाकायची नाही, पुरायची नाही. आल्या वाटेने मागे फिरायचे, मुलांना आणि गुरांना लांब ठेवायचे, जागेची खूण ध्यानात ठेवायची आणि ११२ क्रमांकावर किंवा पोलीस पाटलाला कळवायचे. पुढचे काम बॉम्बशोधक व नाशक पथकाचे किंवा लष्कराचे.

एवढे सांगून मोकळे होणे सोपे आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्याकडचा साधा माणूस कळवायलाच घाबरतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मानणाऱ्या समाजात पोलीस ठाण्याची पायरी तरी कोण आनंदाने चढेल? 'तुला कसा सापडला, तू तिथे कशाला गेला होतास' या प्रश्नांच्या धास्तीने तो गप्प बसतो, नाहीतर वस्तू विहिरीत टाकतो. विनापरवाना काडतूस बाळगणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. पण त्यासाठी ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असे न्यायालयांनी सांगितले आहे. जो हातही न लावता कळवतो, त्याला गुन्हेगार मानायला आधारच नाही. त्याची चौकशी म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

बेल्जियमच्या ईप्र भागात पहिल्या महायुद्धातले गोळे आजही नांगराला लागतात. शेतकरी कळवतो, लष्कराचे पथक येते, गोळा घेऊन जाते. शंभर वर्षांनंतरही ही व्यवस्था कोणाला जड झालेली नाही. आपल्याकडेही सरावक्षेत्राभोवतालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत अशा गोळ्यांची चित्रे लावावीत. शाळेत मुलांना वर्षातून एकदा ती दाखवावीत. कळवणाऱ्याचे जाहीर कौतुक व्हावे, जमल्यास भंगाराच्या मोलाइतके बक्षीस मिळावे. आणि पोलिसांनी जरब दाखवायचीच, तर असे गोळे विकत घेणाऱ्याला दाखवावी. गिऱ्हाईक नसेल, तर रानात जाणारी पावले आपोआप कमी होतील.

घरातल्या चुलीची चिंता असलेल्या माणसाला केवळ 'जपून राहा' म्हणणे ही आपली सोय झाली. त्याला न घाबरता कळवता येईल, एवढे तरी आपण आणि सरकारने मिळून करायला हवे.