हवानाचे ऊन

दिवाळी अंकात मुष्टियुद्धावर लेख म्हटल्यावर काही वाचकभगिनी पान उलटू लागतील. त्यांनी जरा थांबावे. यात रक्त थोडे आहे. खऱ्याखोट्याचा मामलाच अधिक आहे.

एक जुने छायाचित्र आहे. ५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबात, हवानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर ते घेतले गेले. एक धिप्पाड गोरा मल्ल उभा आहे. त्याच्या पायाशी एक काळा मल्ल उताणा पडला आहे आणि पंच वाकून आकडे मोजतो आहे. पडलेल्या माणसाने मात्र दोन्ही हात कपाळावर असे घेतले आहेत, की दुपारी माडाखाली पहुडलेल्या माणसाने डोळ्यांवरचे ऊन अडवावे! या एका चित्राने जगाला अनेक वर्षे झुलवले.

पडलेला माणूस म्हणजे जॅक जॉन्सन. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा. आईबापांनी गुलामगिरी भोगलेली. १९०८ साली सिडनीला टॉमी बर्न्सला लोळवून तो वजनदार गटाचा पहिला काळा जगज्जेता झाला आणि अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या पोटात गोळा उठला. त्यात स्वारी मुळीच लीन नव्हती. भारी मोटारी उडवाव्यात, सोन्याचे दात दाखवून हसावे, लढता लढता प्रतिस्पर्ध्याची थट्टा करावी, आणि लग्न करावे ते गोऱ्या बाईशी. १९१० साली निवृत्त जेत्या जेफ्रीजला पुन्हा उभे करून गोऱ्यांनी त्याच्यापुढे आणले. जॉन्सनने त्यालाही पंधराव्या फेरीत आडवे केले. त्या रात्री अमेरिकेत शहरोशहरी दंगली झाल्या, माणसे मेली. पुढे एका गोऱ्या स्त्रीला अनैतिक हेतूने परराज्यात नेल्याचा खटला त्याच्यावर झाला. १९१३ साली शिक्षा झाली आणि गडी देश सोडून पळाला. म्हणूनच सामना हवानाला.

समोर होता कॅन्ससचा जेस विलार्ड. उंची साडेसहा फूट, वय तेहतीस. जॉन्सनला पाचच दिवसांपूर्वी सदतिसावे वर्ष पुरे झाले होते. सामना पंचेचाळीस फेऱ्यांचा ठरला होता. सव्विसाव्या फेरीत जॉन्सन पडला आणि उठला नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली की आपण मुद्दाम पडलो. तसे केल्यास मायदेशी परत येऊ देऊ, असे आपल्याला सांगितले होते. आपल्याकडे तालमीतली पोरे याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. १९२७ च्या आत्मचरित्रातही त्याने हेच लिहिले. पुरावा? ते छायाचित्र! शुद्ध हरपलेला माणूस ऊन अडवील काय?

आता गंमत पाहा. या सामन्याची चलत्‌चित्रफीत घेतलेली होती. वादावर एका दमात पडदा पडायचा. पण जेफ्रीज पडतानाचे चित्र काळ्या प्रेक्षकांनी पाहू नये या धास्तीने अमेरिकन सरकारने १९१२ साली कायदाच केला होता, की ठोसेबाजीच्या फिती परदेशातून आणायच्या नाहीत आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या नाहीत. आता काळा हरलेला नि गोरा जिंकलेला, तरी फीत देशात येईना. आपणच खणलेला खड्डा!

यावर काही व्यापाऱ्यांनी १९१६ साली जी युक्ती लढवली तिला दाद दिलीच पाहिजे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला राउझेस पॉइंट नावाचे गाव आहे, कॅनडाच्या सीमेला टेकलेले. तिथे सीमेच्या पलीकडे मूळ फीत ठेवून तिच्यातून विजेचा प्रकाश सोडला आणि अलीकडे, अगदी लगत, कोरी फीत घातलेला कॅमेरा मांडला. कायद्याने फीत आणायला बंदी आहे, उजेड आणायला नाही! एकेक चित्र असे देशात उतरवून घेतले. कस्टमवाले बधले नाहीत, आणि न्यायालयानेही सरकारचीच बाजू धरली. तो कायदा रद्द झाला १९४० साली. तोवर मूकपट जाऊन बोलपट आले होते, आणि जुन्या फितींची काळजी वाहणार कोण? (आपण तरी काय केले? सावे दादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्तीचे चित्रण केले, तेच आपले आद्य चित्र. ते आज पाहू म्हटले तर मिळत नाही.)

हवानाची फीत मात्र काळाच्या तावडीतून वाचली. जेवढी उरली आहे तेवढी आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. मी चारपाच वेळा पाहिली. सुरुवातीच्या फेऱ्यांत जॉन्सन विलार्डवर तुटून पडतो, त्याला संपवायला बघतो. पण तो डोंगर हलत नाही. विसाव्या फेरीनंतर जॉन्सनचे पाय जड होतात. शेवटी उजव्या हाताचा ठोसा जबड्यावर बसतो आणि भिंत खचावी तसा तो खाली जातो. छायाचित्रातली ती पोज म्हणजे या हालचालीतला एक निमिष आहे. कपाळावरचे ते हात चित्रात थिजले, म्हणून एवढे बोलके झाले.

मला तरी यात लबाडी दिसली नाही. पडायचे ठरवलेला माणूस भर दुपारच्या उन्हात शंभर मिनिटे कशाला राबेल? पण हरलो म्हणण्यापेक्षा विकला गेलो म्हणणे त्याला सोपे वाटले, याचे मला फार वाईट वाटते. ज्या देशाने त्याला हाकलले, त्याच देशाला ‘तुमच्या माणसाने मला खरे पाडलेच नाही’ हे सांगायला त्याच्याकडे दुसरे उरले काय होते? १९२० साली तो आपण होऊन परतला आणि शिक्षा भोगून बाहेर आला. माफी मिळाली ती २०१८ साली, त्याच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी.

विलार्ड ही नुरा कुस्तीची गोष्ट ऐकून वैतागे. त्याचे म्हणणे एवढेच, की बाबाला पडायचेच होते तर जरा लवकर पडायला हवे होते. त्या उन्हात आपणही भाजत होतो!