‘फक्त ३ पेट्या शिल्लक’

मार्च सरत आला की मोबाइलवर हापूसचा हंगाम सुरू होतो. देवगड, रत्नागिरी, पावस अशी नावं मिरवणारी विक्रीची पानं एकामागून एक समोर येतात, आणि त्यातल्या कित्येक पानांवर आंब्याच्या आधी दिसतं ते उलटं चालणारं घड्याळ. ऑफर संपायला ११ मिनिटं. पान बंद करून पुन्हा उघडलं तर पुन्हा ११ मिनिटंच. त्याखाली ‘फक्त ३ पेट्या शिल्लक’, त्याखाली ‘आत्ता २७ जण हे पाहत आहेत’. दर मात्र कुठेच नाही. दरासाठी मेसेज करा.

आंबेवाल्याला हे आपणहून सुचत नाही. त्याला ते शिकवलं जातं, शनिवार-रविवारच्या कार्यशाळांत आणि ‘मार्केटिंग सायकॉलॉजी’च्या ऑनलाइन वर्गांत. तिथला उपदेश दोन वाक्यांचा आहे. पहिलं, गिऱ्हाईक भावनेच्या भरात घेतं, म्हणून त्याला विचार करायला वेळ देऊ नका. दुसरं, ब्लॉग मेला, आता वाचतंय कोण, रील करा. पुष्टीला ती म्हण असतेच: बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. यात माती विकणं ही कौतुकाची गोष्ट कधीपासून झाली, हा प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही.

मला ही दोन्ही वाक्यं खोडायची आहेत. पण आपल्याकडे पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्ताला उभं राहता येत नाही, आणि हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. माल नाशिवंत. लेख आज लिहिला तर शोधयंत्रात वर यायला महिने लागतात, तोवर बागेत पाऊस पडलेला असतो. शिवाय टंचाईचं मानसशास्त्र काही हवेतलं नाही. स्टीफन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली एक प्रयोग केला. काहींसमोर १० बिस्किटांची बरणी ठेवली, काहींसमोर २ बिस्किटांची. बिस्किटं तीच, पण २ वाल्या बरणीतली लोकांना अधिक हवीशी वाटली. रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९८४ च्या ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात असे प्रयोग एकत्र आणले, आणि जगभरच्या विक्रीवर्गांना पाठ्यपुस्तक मिळालं.

मिळालं, पण ते कुणी शेवटपर्यंत वाचलेलं दिसत नाही. बिस्किटांच्या त्या प्रयोगाचा सांगितला न जाणारा भाग असा: कमी असलेली बिस्किटं लोकांना हवीशी वाटली, महाग वाटली, पण चवीला अधिक चांगली लागली नाहीत. टंचाईने ओढ वाढते, गोडी वाढत नाही. बिस्कीट तिथल्या तिथे खाऊन संपतं, म्हणून प्रयोगशाळेत हा फरक चालून गेला. हापूस तसा नाही. तो अर्धकच्चा येतो, घरात पेंढ्यात किंवा कागदात आठवडाभर पिकतो, आणि निकाल लागतो तो पहिली फोड तोंडात गेल्यावर. तोवर ११ मिनिटांची घाई ओसरलेली असते. आंब्याजवळ घड्याळाचा पुरावा टिकत नाही.

आणि सियाल्डिनींचं ते पुस्तक मुळात कुणासाठी आहे? प्रत्येक तत्त्वाच्या प्रकरणाअखेरीस या युक्तीपासून स्वतःला कसं वाचवावं, यावर एक भाग आहे. म्हणजे पुस्तक गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिलेलं आहे. खोटी लोकमान्यता दाखवणाऱ्यांवर बहिष्कार घाला, त्यांना तसं कळवा, असं ते वाचकाला सांगतात. पुढे त्यांनी प्रभाव पाडणाऱ्यांचे तीन प्रकार केले: चोरून आत आणणारा, संधी हातची घालवणारा आणि शोध घेणारा. पहिला टंचाई नसताना टंचाई दाखवतो. दुसऱ्याकडे ती खरोखर असते, पण सांगायचं सुचत नाही. तिसरा आपल्या मालात खरंच काय आहे ते शोधून तेवढंच पुढे ठेवतो. आपल्या वर्गांत पहिल्याला पदवी देतात.

या वर्गांतला दुसरा आवडता दाखला म्हणजे जॅम. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात मांडामांड केली. २४ प्रकारचे जॅम ठेवले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ ठेवले तेव्हा ३० टक्क्यांनी. हा अभ्यास २००० सालचा. त्यावरून ‘पर्याय कमी करा, विक्री १० पट’ असा मंत्र झाला. पुढे २०१० मध्ये शाइबेहेने आणि सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे पर्यायांनी गोंधळ वाढला, कुठे विक्री वाढली. मानसशास्त्र खोटं आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. ते परिस्थितीवर अवलंबून असतं, आणि कळ दाबली की पैसे पडतात असं यंत्र त्यातून बनत नाही, एवढंच. यंत्र म्हणून ते विकणाऱ्यांचा धंदा मात्र बारा महिने चालतो, त्याला हंगाम लागत नाही.

आता हिशेबाचं बोलू. समजा, जाहिरातीवर खर्च करून एक नवं गिऱ्हाईक ३०० रुपयांना पडलं आणि एका पेटीमागे ३५० रुपये सुटले. पहिल्या पेटीत ५० रुपये हाती आले. तेच घर पुढच्या वर्षी आपणहून फोन करून २ पेट्या मागवेल तर ७०० रुपये. बड्या कंपनीला रोज नवी माणसं गोळा करायला भांडवल असतं, ती फसलेल्यांना विसरून पुढे जाऊ शकते. छोट्या दुकानदाराचा नफा दुसऱ्या खरेदीत आहे. घड्याळाची युक्ती जिंकते ती पहिल्या खरेदीत आणि हरते दुसऱ्यात, म्हणजे नेमकी त्याच्याच मर्मावर घाव घालते.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या क्लृप्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत आणि पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. ही तत्त्वं मोठ्या मंचांइतकीच विक्रेत्यालाही लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. कोकणातल्या एखाद्या बागायतदारावर उद्या कुणी धाड घालील असं मला वाटत नाही, पण वर्ग घेणाऱ्याने हे फी घेताना सांगायला हवं होतं.

दुसऱ्या टोकाला एक पक्ष आहे, त्यालाही मी सोडणार नाही. हे लोक म्हणतात, असल्या भानगडी हव्यातच कशाला, अस्सल मालाला जाहिरात लागत नाही, आंबाच बोलतो. ऐकायला फार सोज्ज्वळ. पण आंबा बोलतो तो पेटी उघडल्यावर, आणि पेटी घेताना बोलतं ते खोक्यावरचं नाव. ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात दुसरीकडचा, अनेकदा कर्नाटकातला, आंबा भरून विकला जातो, ही बाजारातली जुनी तक्रार आहे. कर्नाटकातला आंबा वाईट असतो असं नाही, तो स्वतःच्या नावाने विकला तर कुणाचं काही म्हणणं नाही. २०१८ साली हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच गोंधळातून वाट काढायला. तरी मानांकन म्हणजे काय, ते खोक्यावर कुठे पाहायचं, हे गिऱ्हाइकाला कुणी समजावलं आहे? ज्याची बाग खरी आहे तो गप्प बसला की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे घड्याळवाला येऊन बसतो.

मग काय करावं? लिहावं. आणि लिहिण्यातलं मानसशास्त्र घड्याळाच्या मानसशास्त्रापेक्षा जुनं आणि पक्कं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर अभ्यास केला, तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानशी युद्ध अजून बराच काळ चालेल, हे काहींना एकाच बाजूने सांगितलं, काहींना विरुद्ध मुद्दे मान्य करून सांगितलं. ज्यांचं मत आधीच उलट होतं त्यांच्यावर दुसऱ्या पद्धतीचा परिणाम जास्त झाला. मुंबई-पुण्यातलं ऑनलाइन गिऱ्हाईक हे असंच उलट मताचं असतं. एकदा फसलेलं, किंवा शेजारीण फसलेली. त्याच्यासमोर ‘१०० टक्के नैसर्गिक, १०० टक्के अस्सल’ म्हणणं वाया जातं. त्याला साक्याबद्दल सांगा.

साका म्हणजे हापूसचा जन्मजात दोष. वरून आंबा देखणा, आत कोयीजवळचा गर पांढरट, आंबट, भुसभुशीत. बाहेरून तो डोळ्यांना कळत नाही. जमिनीतून परतणारी उष्णता हे त्याचं एक कारण मानतात, आणि झाडावर फार पिकू दिलेल्या फळात तो वाढतो म्हणून फळ साधारण ८५ टक्के तयार झालं की काढतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली, तिच्यात साका नाही. पण लोकांना हापूसच हवा, आणि हापूस म्हटला की थोडा साका आलाच. आता सांगा, किती विक्रीपानांवर हा शब्द दिसतो? गिऱ्हाईक पहिल्यांदा तो पाहतं ते सुरी लावल्यावर, आणि त्याला वाटतं आपल्याला सडका माल दिला. हेच त्याने आधी वाचलेलं असेल, की डझनात एखादा असा निघू शकतो, निघाला तर फोटो पाठवा, तेवढे पैसे परत करू, तर त्याच साक्यामुळे विक्रेता खरा ठरतो.

असे दहा-बारा विषय प्रत्येक बागायतदाराच्या तोंडपाठ असतात. आंबा घरी कसा पिकवायचा. हिरवा असताना फ्रिजमध्ये का ठेवायचा नाही. कार्बाइड म्हणजे काय, त्यावर बंदी असताना इथिलीन वायूला परवानगी का आहे. २०० ग्रॅमच्या आणि ३०० ग्रॅमच्या फळात दराचा फरक किती आणि चवीचा किती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली पेटी आणि मेच्या मध्यातली पेटी यांत कुणी कोणती घ्यावी. हे सगळं तो फोनवर रोज पन्नास जणांना सांगतो आणि संध्याकाळी घसा बसला म्हणतो. तेच एकदा लिहून ठेवायला त्याला लाज वाटते, कारण लेख म्हणजे साहित्य अशी त्याची समजूत करून दिलेली आहे.

सगळ्यात मोठा विरोध होतो तो दर लिहायला. दर दिला की शेजारचा ५० रुपये कमी करील. करील ना, पण त्याला तुमचा दर आजही फोन करून कळतोच. कळत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला. व्हर्जिनियातल्या मार्कस शेरिडन यांची फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवणारी कंपनी २००८ च्या मंदीत बुडायला आली होती. त्या धंद्यात दर कुणीच जाहीर करत नसे. शेरिडननी ‘तलावाला खर्च किती येतो’ या साध्या प्रश्नावर लेख लिहिला, किंमत कशाने वाढते आणि कशाने कमी होते ते मांडलं. मग फायबरग्लासचे तोटे लिहिले. मग आपल्या भागातले चांगले तलाव बांधणारे कोण, त्यांची यादी दिली, तीही स्वतःचं नाव वगळून. कंपनी त्यातून सावरली, आणि पुढे त्यांनी या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं. तलाव आणि आंबा यांत अंतर आहे हे खरं, पण दर लपवणाऱ्याकडे पाहून मनात येणारा संशय दोन्हीकडे सारखाच.

हे परदेशी वाटत असेल तर किर्लोस्करवाडीला चला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, लोखंडाने जमीन बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेल्या त्या नियतकालिकातून पुढे मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक उभं राहिलं. माल विकणाऱ्याने लिहिणं हे मराठीला नवं नाही, आपणच ते मधल्या काळात जाहिरात कंपन्यांच्या हवाली केलं.

रीलबद्दल माझं भांडण नाही. रील जरूर करा, बाग दाखवा. पण रील आज दिसते आणि परवा खाली जाते. ‘हापूस कसा पिकवायचा’ हा प्रश्न दर एप्रिलला नव्याने विचारला जातो. एक खरी अडचण आहे, तीही सांगतो. मे २०२४ पासून गूगल कित्येक प्रश्नांची उत्तरं यंत्राकडून तयार करून वरच देतं आणि लोक खालच्या पानांवर येत नाहीत. इकडून तिकडून जमवलेले ‘आंब्याचे १० फायदे’ लिहिणाऱ्यांचे दिवस त्यामुळे भरले, आणि भरले ते बरं झालं. पण यंदा आपल्या बागेत दुसरा मोहर का गळला, तुडतुड्यांनी काय केलं, म्हणून पहिली पेटी किती दिवस उशिरा निघेल, हे यंत्राला बागायतदाराने लिहिल्याशिवाय कळणार नाही. त्या मजकुराची लिंक व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांना पाठवायला गूगल लागतही नाही.

लिहायला वेळ कुठे आहे, हा प्रश्न एप्रिलमध्ये बरोबर आहे. म्हणून एप्रिलमध्ये लिहायचंच नाही, फक्त फोनवर आलेले प्रश्न आणि तक्रारी वहीत टिपून ठेवायच्या, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. जूनमध्ये पाऊस लागला, पॅकिंगची माणसं घरी गेली, की ती वही काढायची आणि सगळ्यात जास्त वेळा आलेल्या तक्रारीपासून सुरुवात करायची.