'नाही'चा रकाना

गेल्या महिन्यात एका तरुण विमा सल्लागाराच्या गाडीवर मागे बसून नागपूरच्या नंदनवनला गेलो होतो. केडीके कॉलेजजवळ दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. लग्नाला पाच महिने झालेलं जोडपं, आणि लग्नाच्या फोटोची मोठी फ्रेम अजून सोफ्याला टेकवूनच ठेवलेली. नवरा मिहानमध्ये नोकरीला, बायको शाळेत शिकवते. आम्ही पोचायच्या आधीच दोघांनी मोबाइलवर चार कंपन्यांची तुलना करून ठेवली होती. 'काका, कोणती घेऊ तेवढं सांगा. बाकी सारं आम्ही पाहून ठेवलं,' नवरा म्हणाला.

पाऊण तास हप्त्यावर गेला. मग फॉर्म, आणि तो चार मिनिटांत उरकत आला. टॅबवर आरोग्याच्या प्रश्नांखाली एक बटण होतं, 'वरीलपैकी काहीही नाही'. आमच्या सहकाऱ्याचं बोट त्यावर टेकणार तेवढ्यात ती म्हणाली, 'दादा, डी.एड.ला होती तेव्हा माझं सिकल एएस निघालं होतं. ते लिहा लागते का?'

'ते काही बिमारी नाही न वहिनी. कंपनी उगाच रिपोर्ट मागत बसते. सोडून द्या.'

दुसऱ्याच्या ग्राहकासमोर त्याला टोकणं बरं दिसत नाही. मी पाणी मागितलं. ती उठली, बोट थांबलं. जगनाडे चौकात चहा पिताना त्याच्याशी जे बोललो, तेच आज आपल्या सगळ्या सल्लागारांसाठी इथं लिहितो आहे.

सहकाऱ्याचं अर्धं बरोबर होतं. सिकलसेलचा वाहक, म्हणजे एएस, हा सहसा रुग्ण नसतो. त्याला गोळ्या नसतात, दवाखाना नसतो. पण आपण विदर्भात धंदा करतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक असलेला शब्द आहे. २०२३च्या १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याची मुदत २०४७पर्यंत आहे. कॉलेजांत आणि आश्रमशाळांत तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या जोडप्याजवळ हा कागद असण्याची शक्यता पुण्या-मुंबईच्या जोडप्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि रक्ताच्या किंवा आनुवंशिक विकाराचा प्रश्न फॉर्मात असेल, तर उत्तर 'नाही' होत नाही. 'वाहक आहे, उपचार नाही, रिपोर्ट सोबत जोडला आहे' हे उत्तर होतं. त्यावर काय करायचं ते कंपनीचा अंडररायटर ठरवेल. ते काम त्याचं आहे, आपण ते आपल्या बोटाने उरकून टाकायचं नाही. २०१८मध्येच विमा नियामकाने आनुवंशिक आजार सरसकट वगळायला कंपन्यांना मनाई केली आहे. तेव्हा 'लिहिलं की गेलं' ही भीती आता जुनी झाली.

'सोडून द्या' काय करतं हे मला माझ्या अनुभवावरून ठाऊक आहे. धंद्यातली पहिली वर्षं होती. एका नवीन जोडप्याचा फॉर्म मी स्कूटरच्या सीटवर ठेवून भरला होता. सगळीकडे 'नाही'. सह्या घेतल्या, चेक घेतला, निघालो. पुढच्या पावसाळ्यानंतर बाईंना डेंगू झाला. पाच दिवस ॲडमिट. क्लेम नाकारला, वर पॉलिसीही रद्द. कारण डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्याच ओळीत होतं: थायरॉइडचा त्रास, ४ वर्षांपासून, गोळी चालू. ॲडमिट करताना निवासी डॉक्टरने विचारलं, बाईंनी खरं ते सांगितलं, त्याने लिहून घेतलं. डेंगूचा आणि थायरॉइडचा काही संबंध नाही, असं मी कंपनीच्या कचेरीत तावातावाने भांडलो. त्यांनी मला फॉर्मवरचं माझंच अक्षर दाखवलं.

त्यांच्या घरी गेलो, तर बाई रागावल्या नाहीत. 'भाऊ, तुम्ही विचारलंच कुठं होतं?' एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. तो चहा मला गेला नाही.

सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी बायकांना आजार वाटतच नाही. 'काही आजार आहे का?' असं विचारलं की उत्तर 'नाही'च येतं, आणि ते प्रामाणिक असतं. 'रोज एखादी गोळी घेता का?' असं विचारा, लगेच उत्तर बदलतं. तीच गोष्ट पीसीओडीची, लहानपणी झालेल्या ऑपरेशनची, मायग्रेनची, कोविडच्या वेळच्या ॲडमिशनची. मनाच्या आजारासाठी घेतलेल्या औषधाची तर जास्तच, कारण ते नवऱ्यालाही माहीत नसतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७चा आहे, त्यातल्या कलम २१ने शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजारालाही विमाकवच द्यायला सांगितलं आहे. पण सासूबाई शेजारी भाजी निवडत बसल्या असताना कोणती सून ते तोंडाने सांगेल? म्हणून आरोग्याचे प्रश्न दोघांना वेगवेगळे विचारावेत, शक्यतो फोनवर. यात दहा मिनिटं जास्त जातात, ती जाऊ द्यावीत.

दुसरी एक समजूत आपल्यातच फिरते आहे, तिचा समाचार घ्यायला हवा. २०२४च्या १ एप्रिलपासून नियम बदलले. आधीपासूनच्या आजाराचं वेटिंग जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आलं. मोरॅटोरियम ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आलं, म्हणजे सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. यातून आपल्या काही हुशार मंडळींनी सल्ला काढला: 'पाच वर्षं गुपचूप काढा, मग कोणी विचारत नाही.' त्याच नियमातले पुढचे शब्द त्यांनी वाचलेले नाहीत. सिद्ध झालेली फसवणूक त्या सवलतीत बसत नाही, आणि गुपचूप काढा असं सांगून काढलेल्या पाच वर्षांना दुसरं काय नाव द्यायचं? शिवाय आजारपण काही त्या ६० महिन्यांसाठी थांबत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जवळ ठेवा. २००९च्या सतवंत कौर संधू प्रकरणात मूत्रपिंडाचा जुना आजार फॉर्मात लिहिला नव्हता, न्यायालय कंपनीच्या बाजूने उभं राहिलं. डिसेंबर २०२१च्या मनमोहन नंदा प्रकरणात अमेरिकेला निघालेल्या माणसाने मधुमेह लिहिला होता, कोलेस्टेरॉलची गोळी लिहिली नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच हृदयविकाराने गाठलं. मधुमेह माहीत असूनही पॉलिसी दिली, मग आता मागे सरता येणार नाही, असं कंपनीला ऐकावं लागलं. दोन्हींत फरक पडला तो फॉर्मात आजार लिहिला होता की नाही, याने.

आता जोडप्याच्या मूळ प्रश्नाकडे, 'कोणती घेऊ?' सप्टेंबर २०२५च्या २२ तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, आणि तेव्हापासून ही तरुण मंडळी स्वतःहून फोन करू लागली. २०,००० च्या हप्त्याला २३,६०० मोजावे लागायचे, ते थांबलं. पण ही मंडळी हप्त्याचे आकडे ओळीने लावतात आणि सर्वांत खालच्यावर बोट ठेवतात. तो हप्ता कमी का आहे, हे दाखवणं आपलं काम आहे. माझ्या मते सर्वांत आधी रूम रेंटची अट दाखवावी, आणि तोंडी न दाखवता कागदावर मांडून दाखवावी.

समजा ५ लाखांची पॉलिसी आहे, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. रिंग रोडवर गाडी घसरली, मांडीचं हाड मोडलं, धंतोलीच्या एखाद्या दवाखान्यात ४ दिवस राहावं लागलं. खोली मिळाली ८,०००ची. खोलीचे ३२,०००, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,२०,०००, आणि औषधं, तपासण्या, हाडातली प्लेट यांचे ६०,०००. एकूण २,१२,०००. जोडप्याला वाटतं, दिवसाचे ३,००० जास्त, म्हणजे १२,००० आपल्या खिशातून. तसं होत नाही. ५,०००ला ८,०००ने भागलं की येतात साडेबासष्ट टक्के, आणि सर्जन-थिएटरच्या १,२०,०००लाही तीच कात्री लागते. त्यातले ७५,००० मिळतात. औषधं, तपासण्या आणि प्लेटला ही कात्री लावता येत नाही, आयसीयूलाही नाही, आणि खोलीप्रमाणे दर बदलत नसतील अशा दवाखान्यातही नाही. हे नियामकाने २०२०मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि क्लेमच्या वेळी त्याची आठवण करून द्यायला आपणच असतो. तरीही त्या घरातून ५७,००० गेले. वर्षाला हजार-पंधराशे वाचवण्यापायी.

बाळंतपणाचं कलम विकताना आपण फार गोड बोलतो. वेटिंग बहुधा २ ते ४ वर्षं, मर्यादा छोटी, हप्ता मात्र पहिल्या दिवसापासून वाढलेला. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण पहिल्या दिवसापासून असेल तर ते तिथून घ्यावं आणि घरच्या पॉलिसीतून हे कलम सरळ वगळावं, असं मी सांगतो. कमिशन थोडं कमी होतं, होऊ दे. पण 'कंपनीचा विमा आहे न, मग आपला कशाला?' याला मात्र ठाम उत्तर द्यावं. नोकरी सुटली की ते कवच त्याच दिवशी सुटतं, आणि तोवर पस्तिशी आलेली असते, साखर वाढलेली असते, आणि नवी पॉलिसी घेतली तर वेटिंग नव्याने सुरू होऊ शकतं.

सासू-सासऱ्यांना त्याच फ्लोटरमध्ये टाकू नये. हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी, आणि ती परवडत नसेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, हे सांगायला लाजू नये. जुलै २०२४पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू आहे. ठरलेले उपचार, ठरलेले दवाखाने एवढी अट. सरकारी योजनेचं नाव काढलं की ग्राहक जातो असं समजणारे सल्लागार मी पाहिले आहेत. माझ्याकडचा तरी आजवर कोणी गेला नाही.

पॉलिसी हाती आली की तिच्यासोबतची फॉर्मची प्रत ग्राहकाला समोर बसवून वाचून दाखवा. फ्री-लूक आता ३० दिवसांचा आहे, चूक दुरुस्त करायला तेवढे दिवस पुरतात. माहितीपत्रक मराठीत मागता येतं, मागा. एवढं करूनही भांडण झालंच, तर आपल्या भागाचे विमा लोकपाल पुण्याला बसतात. तिथं सर्वांत आधी पाहिला जातो तो कागद आपण भरलेला असतो.

नंदनवनचा फॉर्म त्या दिवशी पाठवला नाही. चहा संपवून आम्ही पुन्हा वर गेलो. सहकाऱ्याने, बिचारा जरा ओशाळत, तिला जुना रिपोर्ट शोधायला सांगितलं. ती आतल्या खोलीत गेली आणि लग्नात आलेल्या एका साडीच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. रिपोर्ट सापडला. नवऱ्याने तो पहिल्यांदाच पाहिला असावा. दोन्ही बाजू वाचल्या, घडी घातली, पुन्हा उघडली.

'माझं तर कधी तपासलंच नाही,' तो म्हणाला.

दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळाला सिकलसेल होण्याची चारांत एक शक्यता असते, हे तिला डी.एड.ला सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही, आपण डॉक्टर नाही. सहकाऱ्याने फक्त सांगितलं की मेडिकल कॉलेजला ही तपासणी होते.

'मग थांबा,' नवरा म्हणाला, 'माझा रकाना तसाच ठेवा. आधी जाऊन येतो.'

फॉर्म टॅबमध्ये अर्धवट भरलेला राहिला. त्या महिन्याची ३१ तारीख त्याच्याविनाच गेली.