पायाचे माप

माण तालुक्यातील माझा भाचा गेले काही महिने पोलीस भरतीच्या तयारीत आहे, आणि त्याला धावण्याचे बरे बूट घ्यावेत म्हणून गेल्या आठवड्यात मी त्याला पुण्यातील अशा एका दुकानात घेऊन गेलो, की जेथे केवळ धावणाऱ्यांचेच सामान ठेवतात आणि विक्रीबरोबर तज्ज्ञांचा सल्लाही देतात. पायी हिंडण्याविषयीची माझी आस्था या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. नवख्या माणसाला जाणत्याने चार गोष्टी समजावून सांगाव्यात ही व्यवस्था मला मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच तेथे जे घडले त्याचा राग अद्याप शमलेला नाही.

दुकानातील तरुण विक्रेत्याने भाच्याला ट्रेडमिलवर चढविले. जन्मात प्रथमच सरकत्या पट्ट्यावर उभा राहिलेला तो मुलगा दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरून, नजर पायांवरून न हलविता, कशीबशी पावले टाकीत होता. आणि त्या अवघडलेल्या चालीचे मागून चित्रण करून, ते पडद्यावर थांबवून, घोट्यावर दोन उभ्या रेघा ओढून, पाऊल आत कलते असा फैसला त्या विक्रेत्याने अधिकारवाणीने जाहीर केला व आतल्या बाजूने टणक आधार असलेल्या बारा हजारांवरच्या बुटांची शिफारस केली. तू कोठे धावतोस, किती धावतोस, सध्या पायात काय घालतोस, दुखते ते कोठे, यांपैकी एकाही गोष्टीची विचारपूस झाली नाही. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर आणि दोघांनाही 100 मीटर धावावे लागते. तेवढे अंतर नेमक्या वेळात कापण्यासाठी पहाटे मुरमाच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोराची गरज आणि दर रविवारी डांबरी रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर धावणाऱ्या गृहस्थाची गरज यांत तारतम्य करावयाचे असते, ही जाणीवच त्या सल्ल्यात नव्हती.

वास्तविक तळव्याची कमान पाहून बूट नेमून देण्याच्या या पद्धतीची तपासणी भरती झालेल्या जवानांवरच झालेली आहे. अमेरिकेच्या भूदल, वायुदल व मरीन या तिन्ही दलांतील नव्या रंगरुटांवर केलेले प्रयोग 2009 आणि 2010 साली प्रसिद्ध झाले. तळव्याच्या आकारानुसार बूट दिलेले आणि सरसकट एकाच प्रकारचे बूट दिलेले, अशा दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. पुढे 2015 मध्ये कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग व त्यांचे सहकारी यांनी असे प्रतिपादन केले, की जो बूट धावताना स्वतःच्या पायाला सुखाचा वाटतो तोच निवडावा. पाऊल थोडे आत कलणे हा तर पायाचा स्वाभाविक धर्म आहे. त्याला व्याधी ठरवून नवशिक्याच्या मनात धास्ती उत्पन्न करणे मला गैर वाटते.

तेथून निघालो ते पादत्राणांच्या एका जुन्या दुकानात गेलो. तेथील वृद्ध विक्रेते ठेंगण्या चौरंगावर बसले, आणि नवा माल काढण्याआधी त्यांनी भाच्याचे जुने बूट मागून घेतले. ते उलटे करून तळाची झीज पाहिली, करंगळीपाशी फाटत आलेल्या कापडावरून बोट फिरविले आणि विचारले, "पळतोस कुठं बाळा?"

"मुरमाच्या रस्त्यानं. पाझर तलावापतुर आन् माघारी."

"दुखतं काय?"

"करंगळी. जळजळतीय नुसती."

मग त्यांनी मोजपट्टी जमिनीवर ठेवून भाच्याला तिच्यावर उभे केले. बसलेल्या माणसाचे माप त्यांना मंजूर नसते, कारण शरीराचा भार पडल्याखेरीज पाऊल पुरते पसरत नाही; आणि धावण्याचे बूट घ्यायला शक्यतो संध्याकाळी यावे, दिवसभरात पाय किंचित फुगतो, हेही त्यांनी सांगितले. लांबी झाल्यावर त्यांनी रुंदी मोजली, आणि उठून म्हणाले, "साहेब, ह्या रुंदीचा बूट आमच्याकडे नाही. लांबीनं मोठा देईन, पण टाच सुटेल. तसा विकायचा नाही मला." एवढ्यावर न थांबता त्यांनी जुन्या बुटाची नाडी काढली, पंजावरची खालची दोन भोके करंगळीच्या बाजूने रिकामी सोडून ती पुन्हा ओवली, आणि भाच्याला दुकानापुढच्या बोळातून धावत जाऊन यायला सांगितले. तो हसतच परतला. याबद्दल त्यांनी एक पैसाही घेतला नाही.

दुसऱ्याचे पाऊल हातात घेऊन त्याचा विचार करणाऱ्या माणसांकडे केवढे ज्ञान असते, आणि समाजाने त्या ज्ञानाला किती हलके लेखले! कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण अभिमान बाळगतो. पण गिऱ्हाइकाला कागदावर उभे करून, पावलाभोवती पेन्सिल फिरवून, त्या आकृतीबरहुकूम चामडे कापणाऱ्या कारागिराला शास्त्र ठाऊक आहे असे म्हणायला आपली जीभ रेटत नाही. त्या रेघेत रुंदी आपोआप उतरते. कारखान्यात मात्र ज्या कलबुतावर बूट बेततात, तो बहुधा लहानपणापासून बंद बुटात वाढलेल्या पायाचा असतो. आमच्या माणदेशातील मुलांचे बालपण अनवाणी किंवा चपलेत जाते, त्यामुळे बोटे मोकळी पसरतात. दक्षिण भारतातील अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायांची मोजमापे घेऊन 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही असे पाय अधिक रुंद आढळले आहेत. मोठ्या कंपन्या एकाच लांबीचे पुरुषांचे बूट डी, टू-ई, फोर-ई अशा चढत्या रुंदीत तयार करतात. आपल्याकडे मात्र दुकानात बहुतेक वेळा डी तेवढा मिळतो, आणि पाय मावला नाही की पुढच्या क्रमांकाचा लांब बूट गळ्यात मारला जातो.

याच माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या. आजही त्या भागात पहाटे रस्त्याने निघालात, तर भरतीसाठी धावणारी मुले-मुली जागोजागी दिसतील. महाराष्ट्रातील नवखा धावपटू पाहावयाचा तर तो तेथे आहे, आणि त्याच्या घरी बारा हजार म्हणजे कित्येक आठवड्यांची मजुरी असते. खास धावणाऱ्यांसाठी म्हणून दुकान मांडणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दोन-अडीच हजारांचे साधे बूट टू-ई रुंदीत मागवावेत, आणि कॅमेरा लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाला मोजपट्टीवर उभे करून रुंदीचा आकडा पावतीवर लिहून द्यावा, म्हणजे तो आकडा दाखवून त्या मुलाला दहिवडीच्या किंवा फलटणच्या दुकानदाराकडेही हक्काने तसा माल मागता येईल.