मानेतली गाठ आणि एकेटीची घाई

मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया मुंबईत, पुण्यात, फार तर नाशकात होते. ताप मात्र सटाण्यात येतो. कांद्याची काढणी किंवा डाळिंबाचा तोडा चालू असला की नेफ्रॉलॉजिस्टकडची फेरी पुढे ढकलली जाते आणि रुग्ण आपल्यासमोर येऊन बसतो.

मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेले. आपला हात आपसूक एकेटीकडे जातो. त्यात नवल नाही, प्रत्यारोपणानंतर क्षयाचे प्रमाणही वाढतेच. पण ईबीव्ही विषाणूमुळे होणारा लिम्फोमा, म्हणजे पीटीएलडी, अगदी असाच दिसतो. हा विषाणू बहुतेकांच्या बी-पेशींत लहानपणापासून मुक्कामाला असतो आणि टी-पेशी त्याला दाबून ठेवतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट नेमका हाच पहारा ढिला करतात. सर्वाधिक धोका, तोही पहिल्या वर्षात, ज्या मुलाला ईबीव्हीची लागण कधी झालीच नव्हती आणि आईच्या मूत्रपिंडाबरोबर ती मिळाली, त्याला.

अंदाजाने एकेटी सुरू केली तर लिम्फोमा वाढत राहतोच, शिवाय रिफाम्पिसिनमुळे रक्तातले टॅक्रोलिमस घसरते आणि आईने दिलेले मूत्रपिंडही शरीर नाकारू शकते. म्हणून गाठ आधी अख्खी काढून तपासायची. एफएनएसीत ‘रिअॅक्टिव्ह’ आले म्हणून लिम्फोमा नाही, असे होत नाही. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘प्रत्यारोपणाचा रुग्ण’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पॅथॉलॉजिस्ट ईबीव्हीचा शोध घेईल. हे शब्द लिहायचे राहतात, याचे आम्हाला खरोखर आश्चर्य वाटते.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी केली की यांतले काही लिम्फोमा विरघळतात, हे थॉमस स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. आजही उपचाराची पहिली पायरी तीच आहे. मात्र ती प्रत्यारोपण केंद्राने चढायची. आपण परस्पर गोळ्या बंद करायच्या नाहीत. आधी फोन, मग प्रिस्क्रिप्शन. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे साधे वाटणारे औषधही टॅक्रोलिमसची पातळी भलतीच चढवते.

विषाणूंमुळे होणारे कर्करोग आणखीही आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी यकृताच्या कर्करोगाकडे नेतात, त्यांची तपासणी बहुधा प्रत्यारोपणाआधीच झालेली असते. पायावरचा जांभळट चट्टा कापोसी सार्कोमा असू शकतो. आपल्याकडे विरळ, पण लक्षात असावा.

एचपीव्हीकडे मात्र आपण पाहतच नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या निरोगी स्त्रिया होत्या. प्रत्यारोपण झालेल्या स्त्रीला एका तपासणीवर सोडून चालत नाही, ती नियमित व्हायला हवी. एचपीव्हीची लस जिवंत विषाणूची नसल्याने प्रत्यारोपणानंतरही देता येते, पण तेव्हा शरीराचा प्रतिसाद फिका पडतो. पुण्यात तयार होणारी लस आता हाताशी आहे. डायलिसिसवर वाट पाहणारी तरुण मुलगी आपल्याच गावात असते. तिचे डोस तेव्हाच पुरे करून घ्यावेत.