परदेशी सून घरात आली. मशीनवर कधी बसणार?

मे महिना आमच्या धंद्यात श्वास घेऊ देत नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळा, आश्रमशाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्याआधी गणवेशाचे तागे शिलाईवाल्यांच्या हाती पडावे लागतात. यंदाही आम्ही किन्हवली-सरळगाव मार्गे माल घेऊन मुरबाड तालुक्यातल्या एका जुन्या मास्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे चार मशीन, एक ओव्हरलॉक आणि काज-बटणाचा एक माणूस. या वेळी ओव्हरलॉकवर त्यांची नवी सून बसलेली होती. हात असा सफाईने चालत होता की आम्ही तागे उतरवायचे सोडून पाहत राहिलो.

ही मुलगी इंडोनेशियाची. तिकडे तयार कपड्यांच्या कारखान्यात ती सहा वर्षे मशीनवर होती, पुढे आखातात आली. मास्टरांचा मुलगाही तिथेच कामाला. दोन्ही घरांची संमती झाली, मुलगी पर्यटक व्हिसावर आली आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर निकाह गावातच झाला. मास्टर आम्हाला म्हणाले, “भाईसाहेब, घरचंच माणूस आहे. पगार नाही, हजेरी नाही. बसवली तर काय बिघडलं?” आम्हीही म्हटले, “बसवा मास्टर, सीझन आहे.” हा सल्ला चुकीचा होता आणि तो देणारे आम्हीच होतो, हे आधी कबूल करतो.

पंधरा दिवसांनी व्हिसाच्या पडताळणीसाठी माणूस आला तेव्हा सून मशीनवरच होती. कामाची परवानगी कुठे आहे, असे त्याने विचारले. मास्टरांनी निकाहनामा पुढे केला. तो म्हणाला, हा लग्नाचा कागद झाला, कामाचा कुठे आहे? त्याने जे पाहिले ते लिहून नेले. पुढचे दोन महिने त्या घरात कोणाला धड झोप नव्हती. शेवटी लेखी खुलासा दिला, सुनेला मशीनवरून उठवले आणि प्रकरण तिथे थांबले. प्रत्येकाचे तिथेच थांबेल असे नाही, म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

आपल्याकडे समज असा की लग्न झाले, मुलगी आपली झाली, आता ती आपल्या घरच्यासारखी सगळे करू शकते. नात्यापुरते हे खरे आहे. पण सरकारी हिशेबात राहण्याचा हक्क, काम करण्याचा हक्क आणि नागरिकत्व ही तीन वेगळी खाती आहेत. एका खात्यात जमा झाले म्हणून दुसऱ्यात आपोआप जमा होत नाही.

पहिले खाते राहण्याचे. पर्यटक व्हिसा फिरण्यासाठी असतो, त्यावर दुकान-कारखान्यात काम चालत नाही. त्या व्हिसाच्या मुदतीत भारतीय नागरिकाशी लग्न झाले, तर तो ‘एक्स’ प्रकारच्या प्रवेश व्हिसात बदलून मागता येतो. अर्ज आता ऑनलाइन, ई-एफआरआरओवर भरतात. त्यासाठी काझीसाहेबांचा निकाहनामा पुरत नाही, सरकारी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. आपल्या राज्यात ही नोंदणी १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली होते. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, शहापूर-मुरबाडच्या ठाण्याच्या गावी नगरपंचायत. लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले आहेत. तरीही कितीतरी घरांत निकाहनामा पेटीत पडून असतो आणि नोंदणीची आठवण पासपोर्ट काढायच्या वेळी येते. सून परदेशी असेल तर ९० दिवसांचा हिशेब धरून बसू नका. तिच्या व्हिसाचे दिवस त्याहून कमी असू शकतात.

मास्टरांचे इथे काय झाले ते सांगतो. इंडोनेशियात पुष्कळ लोकांचे नाव एकच असते, आडनाव नसतेच. सुनेच्या पासपोर्टवर एकच शब्द. निकाहनामा लिहिताना कोणीतरी प्रेमाने पुढे वडिलांचे नाव आणि मास्टरांचे आडनाव जोडले. नोंदणीचा कागदही त्यावरून तयार झाला. अर्ज भरताना पासपोर्टचे नाव एक आणि प्रमाणपत्राचे दुसरे. दुरुस्ती होऊन हाती येईपर्यंत व्हिसाचे चारच दिवस उरले होते. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, इंग्रजी अर्ज वाचताना आजही आम्ही चष्मा दोनदा पुसतो. पण पासपोर्टवर जे अक्षर आहे तेच प्रत्येक कागदावर उतरवायचे, एवढे समजायला इंग्रजी लागत नाही.

आता दुसरे खाते, कामाचे. ‘एक्स’ व्हिसा मिळाला की राहता येते, पण नोकरी-धंद्याची मुभा त्यात आपोआप येत नाही. नोकरीचा व्हिसा निराळा आणि त्याच्या अटी ऐकल्या तर मास्टरांसारखा माणूस हसेल किंवा रडेल. सर्वसाधारणपणे वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये पगार हवा. परदेशी पदार्थ करणारे आचारी, भाषा शिकवणारे शिक्षक असे थोडे अपवाद आहेत. ज्या कामाला आपल्याकडे माणसे सहज मिळतात त्यासाठी हा व्हिसा देत नाहीत. ओव्हरलॉकच्या कारागिराला नगावर मजुरी मिळते. सोळा लाख आमच्या दोन्ही तालुक्यांत कोणत्या शिलाई कारखान्याचा मालक तरी घरी नेत असेल का, शंकाच आहे. हा नियम मोठ्या कंपन्यांच्या साहेबांसाठी केलेला आहे. कारागिराच्या सुनेचा विचार तो करताना कोणाच्या डोक्यात नव्हता.

मग वाट उरते ओसीआय कार्डाची. नागरिकत्व कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मागता येते. अट अशी की विवाह नोंदलेला हवा आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षे टिकलेला हवा. सुरक्षा यंत्रणेची तपासणी होते, भारतातून अर्ज केल्यास फी १५,००० रुपये. कार्ड हाती आले की नोकरी करा, दुकान चालवा, भागीदारीत या, मोकळीक आहे. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता आणि तबलीगसारख्या कामांना वेगळी परवानगी लागते. तलाक झाला तर कार्ड रद्द होऊ शकते. जावई परदेशी असला तरी नियम हेच. अर्जदार स्वतः किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असेल किंवा कधी राहिले असेल, तर हे कार्ड मिळतच नाही. कोकणी घरांची जुनी नाती कराचीपर्यंत गेलेली आहेत, म्हणून हे आधीच तपासून घ्यावे.

तिसरे खाते नागरिकत्वाचे आणि त्याचा इतिहास बोलका आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीयाशी लग्न झालेल्या स्त्रीला नोंदणीने नागरिकत्व मागता येत होते, वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. १९८६ साली ही सोय पुरुषांनाही मिळाली, पण पाच वर्षे इथे राहण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात झाली. म्हणजे आमच्या आजीच्या काळातल्या परदेशी सुनेला जे लगेच मागता येत होते, त्यासाठी आजच्या सुनेने सात वर्षे थांबायचे.

या थांबण्याच्या काळात एजंट लोक घरात शिरतात. कल्याणच्या एकाने मास्टरांना सांगितले, आधार काढून देतो, मग सगळे होते. परदेशी माणसाला आधार मिळते हे खरे आहे, बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिले की अर्ज करता येतो. पण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे त्या कायद्यातच लिहिलेले आहे, आणि कामाची परवानगी तर नाहीच. तोच माणूस पुढे मतदार यादीत नाव घालून देतो म्हणाला. हे ऐकून आम्ही मास्टरांना हात जोडले. मतदार यादी नागरिकांची असते, खोटे लिहून दिले तर गुन्हा होतो आणि ओसीआयची जी सरळ वाट आहे तीही बंद होईल. तिच्या नावाने उद्यम नोंदणी, जीएसटी काढण्याची घाईही नको. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला आहे. व्हिसाच्या अटी मोडल्या किंवा मुदतीपलीकडे राहिले, तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘पगार देत नव्हतो’ या जबाबावर एवढा धोका घेऊ नये. परदेशी पाहुणा घरात उतरला की त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याची जबाबदारीही घरमालकाचीच, हे आपल्याकडे बहुतेकांच्या गावी नसते.

आता आमचे गाऱ्हाणे. बाहेर काय चालते पाहा. अमेरिकेत कोणी फिरायच्या व्हिसावर जाऊन तिथल्या नागरिकाशी लग्न केले, तर कायम वास्तव्याच्या अर्जासोबत कामाच्या परवान्याचाही अर्ज करता येतो. परवाना हाती येईपर्यंत काम बंद, पण निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षे हात बांधून बसावे लागत नाही. (लग्न आधीच ठरवून, ते लपवून फिरायच्या व्हिसावर जाणे ही तिथे फसवणूक धरतात. आपल्या मुलामुलींना पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.) ब्रिटनमध्ये उलटे आहे. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथल्या तिथे जोडीदाराचा व्हिसा मिळत नाही, परत येऊन अर्ज करावा लागतो. कमावण्याची अटही जड, एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड. पण तो व्हिसा एकदा मिळाला की काम करण्याचा हक्क त्यातच असतो. दुबईत नवऱ्याच्या व्हिसावरच्या बायकोलाही कंपनीने वर्क परमिट काढले तर काम करता येते. आपली पोरे-पोरी या सवलती तिकडे घेतात, आणि तिकडची मुलगी आपल्याकडे आली की तिला दोन वर्षे फक्त भाकऱ्या भाजायच्या!

सरकारची भीती आम्हाला समजते. खोटी लग्ने होतात, कागदापुरती होतात. तपासणी हवीच, आणि ती घरी येऊन झाली तरी आमची हरकत नाही. पण नोंदणी झाली, पडताळणी झाली, ‘एक्स’ व्हिसा दिला, म्हणजे लग्न खरे आहे असे सरकारनेच मानले. मग निदान नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नोंदणीकृत धंद्यात काम करण्याची परवानगी त्याच व्हिसावर शिक्का मारून द्यायला काय हरकत आहे? बाहेरच्या कोणाची नोकरी त्यात जात नाही. लग्न मोडले तर परवानगी संपेल, अशी अट घाला. नोकरदार घरात एकाच्या पगारावर दोन वर्षे निघतात. कारागिराचे घर तसे चालत नाही. तिथे बाप कटिंग करतो, पोरगा शिवतो, आई काज करते, लेक बटण लावते. त्यातला एक हात रिकामा बसला की त्याच्या जागी बाहेरचा माणूस आणावा लागतो आणि त्याची मजुरी घरातूनच जाते.

आमच्या व्यापारी संघटनांनी हा प्रश्न खासदारांकडे लेखी न्यावा. परदेशी नागरिकांचा विषय केंद्राच्या गृह मंत्रालयाचा आहे, मंत्रालयातल्या ओळखीचा इथे उपयोग नाही. किती घरांचा प्रश्न आहे, असे कोणी विचारील. आमच्या दोन तालुक्यांत बोटावर मोजण्याइतकी असतील. पण आखातात आपली जेवढी पोरे आहेत आणि आज लग्ने जशी जुळतात, ते पाहता ही बोटे वाढणारच. दरम्यान ज्यांच्या घरी असे लग्न ठरते आहे त्यांनी जमेल तर मुलीला पर्यटक व्हिसावर बोलावण्याऐवजी निकाह आणि नोंदणी तिकडे उरकून, ती कागदपत्रे साक्षांकित करून, थेट ‘एक्स’ व्हिसावर आणावे. दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज लग्नाच्या खर्चाच्या आधी करावी. मांडवाचे पैसे थोडे कमी झाले तर कोणी उपाशी राहत नाही.

मास्टरांच्या नोंदणीला पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दोन वर्षे पूर्ण होतील. तोवर ओव्हरलॉकवर भिवंडीहून आणलेला एक कारागीर बसतो. सून आतल्या खोलीतून त्याच्या मशीनचा आवाज ऐकते आणि दोरा तुटला की त्याच्या आधी तिलाच कळते, असे मास्टर सांगत होते. यंदाच्या मालाचे निम्मे पैसे त्यांनी अजून दिलेले नाहीत. आम्हीही मागितलेले नाहीत.